डांबरावरचा रंग

शिरवणे, रविवार, १२ मार्च १९६१

आज मुलीकडची माणसं घर बघून गेली. माझं लग्न बहुतेक जमेल. तरी मन कशात लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात थोरल्या दादानं होडीचं उरलेलं डांबर खिडकीच्या फटीत भरलं होतं. गळती थांबली, पण चौकटीभोवती काळं दिसायचं. म्हणून परवा मी त्यावर पांढरा ऑइलपेंट लावायला घेतला. दादा म्हणाला, "डांबरावर रंग धरनार नाय. आधी खरवडून काढ."

आणि मी काय बोललो? "तू तुझ्या होडीचं बघ. घरातलं मला कळतं." ज्यानं मासे विकून मला मास्तर केलं, त्याला! तो बाहेर निघून गेला.

आज सकाळी पांढऱ्यातून तपकिरी डाग वर आलेले. पाहुण्यांची नजर नेमकी तिथंच. मुलीच्या वडिलांनी विचारलंच, "खिडकी कुणी रंगवली हो?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "मीच. मास्तर शालेत व्हता. आमा अडान्यांना रंगातलं काय कलतं?"

सगळे हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो. का हसलो मी?