नदीच्या वाळूवर जे शिकवलंत ते

बाबा, तुम्ही खोटं बोललात. इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आणि मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी आपल्याकडची रीत आहे. तुमच्या स्मरणसभेत मीही उभी राहून चांगलंच बोलले. आता मात्र बोलायचं आहे ते बोलते, कारण गेल्या महिन्यात माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर बसून एका माणसानं मला तोच प्रश्न विचारला, जो तेव्हा तुम्हाला विचारला होता.

आधी खाप्याचं सांगते. तुम्हाला ते आठवतं असं तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. नाताळच्या सुट्टीत आपण तिथं आत्याच्या गावी जायचो. मी नऊ वर्षांची. दुपारी कन्हान नदीच्या काठी तुम्ही मला पलीकडं कपडे धुणारी बाई दाखवलीत. तिचं धोपाटणं आधी पडताना दिसतं आणि आवाज मागून येतो. "पाह्य, आवाजाले वेळ लागला न? तसा उजेडालेही लागते," म्हणालात. आणि अंधार पडल्यावर त्याच वाळूवर मला उताणं झोपवलंत, स्वेटरवर तुमचं जाकीट घालून. तुमचं बोट वर आहे, मी त्या बोटाच्या टोकावरून बघते आहे. "तो पुसट डाग दिसून राहिला का तुले? ती देवयानी, आपल्यासारखीच दुसरी आकाशगंगा. हा उजेड तिथून निघाला न बेटा, तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता. लाखो वर्षं चालून राहिला तो, अन् आज तुह्या डोळ्यात आला." मी विचारलं, देवानं इतका वेळ का लावला? तुम्ही हसलात. "देवाले काही घाई नाही." मला वाटतं, मी देवावर खऱ्या अर्थानं विश्वास ठेवला तो त्या क्षणी, वाळूत पाठ गार पडलेली असताना. प्रार्थनेत गुडघे टेकून कधी तसं झालं नाही.

मग सुट्टी संपल्यावरचा पहिला रविवार. संडे स्कूलच्या बाई सांगत होत्या की सगळे तारे सृष्टीच्या चौथ्या दिवशी झाले आणि जगाला होऊन काही हजार वर्षंच झाली. मी हात वर केला आणि लाखो वर्षं चालत आलेल्या उजेडाचं सांगितलं. मला शहाणपणा दाखवायचा नव्हता हो, मला आनंद झाला होता आणि तो वाटायचा होता. बाईंनी कानाला धरून नाही, पण तशाच चालीनं मला उपासनेनंतर अंगणात पास्टरांपुढं नेलं. तुम्ही चहाचा कप घेऊन उभे होता. पास्टर हसतच म्हणाले, "काय सर, हे तुम्ही शिकवलं का पोरीले?" मी तुमच्याकडं बघते आहे. मला पक्कं माहीत आहे की तुम्ही आता त्यांना धोपाटण्याची गोष्ट सांगणार. तुम्ही कपात बघितलंत आणि म्हणालात, "नाही जी. लहान आहे, काहीबाही वाचत राहते." वर मला, "सॉरी म्हण वं पास्टरले." मी म्हटलं सॉरी. सगळे हसले आणि कुणीतरी माझ्या हातात बिस्कीट दिलं.

तुम्ही मिशनच्या शाळेत विज्ञान शिकवत होता, नोकरी त्यांची होती, राहायची खोली त्यांच्या आवारात होती. हे मला कळत नाही असं नाही. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच ते जुळवलं. पण तुम्ही मला एकदाही का सांगितलं नाहीत? "बेटा, भ्यालो मी," एवढे तीन शब्द. नऊ वर्षांच्या मुलीलाही भीती कळते, उलट तिलाच जास्त कळते. तुम्ही काय केलंत, तर दुसऱ्या दिवशी इतवारीच्या बाजारातून फ्रॉकचं कापड आणलंत, निळ्यावर पांढऱ्या चांदण्या. वा! आकाशाबद्दल तोंड बंद ठेव आणि चांदण्या अंगावर घालून मिरव. मी ते शिवू दिलं नाही. शेवटी आईनं त्याचे उशांचे अभ्रे केले, आणि तुम्ही त्यावर खुशाल झोपत होता. कापडाचं एक वेळ जाऊ द्या. त्यानंतर तुम्ही मला आकाश दाखवलंच नाही. पुढच्या नाताळात खाप्याला मी म्हटलं, बाबा, वाळूवर चला. तुम्ही म्हणालात, थंडी फार आहे. त्याच्या पुढच्या वर्षी मी विचारलं नाही. पास्टरांसमोरचं खोटं मी कधीतरी माफ केलंही असतं, हे नाही होत.

आता माझं ऐका. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या चार घरांनी मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलं. शास्त्रवचन, गणित, भाषा आयांनी वाटून घेतलं आणि विज्ञान माझ्याकडं आलं, सरांची मुलगी म्हणून. पुस्तकं बाहेरदेशातून मागवलेली, गुळगुळीत कागदाची. आकाशाच्या धड्यात तेच, जग काही हजार वर्षांचं. मी तो धडा बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघरातून परात काढली. परात म्हणजे सूर्य, तर पृथ्वी ज्वारीच्या दाण्याएवढी. तो दाणा घेऊन पोरं गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि तिथून ओरडली, "टीचर, अजून दूर का?" एका शनिवारी रात्री सगळ्या घरांतल्या मुलांना घेऊन रामटेकच्या बाजूला गेलो, आणि तिथं, तुमच्याच शब्दांत, मी त्यांना देवयानी दाखवली.

त्यात एक मुलगी आहे सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. रविवारी मंडळीत उपकारस्तुतीच्या वेळी, देवाचे आभार मानतात तेव्हा, ती आपणहून उभी राहिली आणि म्हणाली, "देवा, तो लाखो वर्षांचा उजेड मले दाखवला अन् तुले घाई नसते, म्हणून थँक्यू." कुणी आमेन म्हटलं नाही. दोन दिवसांनी आताचे पास्टर आणि त्या मुलीची आई माझ्या घरी आले, मुलीला घेऊन. पास्टर चांगला माणूस आहे, आवाजही चढवला नाही त्यानं. "ताई, हे तुम्ही शिकवलं का?" ती मुलगी माझ्याकडं बघत होती. बाबा, काय झालं सांगू? तुमचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. लहान आहे, काहीबाही ऐकलं असेल. अगदी त्याच सुरात. मला माझ्या तोंडाची किळस आली. मी म्हटलं, "हो. मीच शिकवलं, आणि तिनं बरोबर सांगितलं." तिची आई उसळली, "आमच्या लेकराचा विश्वास मोडून राहिल्या का तुम्ही?" मी म्हटलं, "एवढा जुना उजेड देवानं केला म्हटल्यावर विश्वास काहून मोडंल वं बाई? माझा तर तिथंच जुळला." पण ऐकायला कुणी आलं नव्हतं. पुढच्या सोमवारपासून मुलं यायची बंद झाली. आता वर्गात माझा एकटा मुलगा असतो. ती मुलगी मंडळीत दिसते, पण माझ्याकडं बघत नाही, तशी ताकीद असावी.

माझा नवरा म्हणतो, तू हिंमत दाखवली. मी त्याला काही सांगितलं नाही, तुम्हाला सांगते, कारण हे पत्र कुठं जायचं नाही. त्या वेळी मी सत्याचा विचार केला नव्हता, त्या मुलीचाही नाही. मी तुम्हाला उत्तर देत होते. आणि सगळे गेले, दार लावलं, तिथंच जमिनीवर बसले, तेव्हा पहिला विचार काय आला माहीत आहे? बाबांना सांगायला हवं. माझ्या पोटातला राग आहे तो सगळ्यात जास्त ह्याचा.