राणी रडली की हसली

तीर्थस्वरूप स्वारींच्या पायांशी जानकीचा दंडवत.

आधी आले धुंडिराजशास्त्री, मागून पैठणचे नीळकंठशास्त्री! आपला अनंता जुन्या नाटकाच्या चार पोथ्या ताडून एक शुद्ध पोथी करतोय ना, ती बघायला. एवढे थोर लोक नातवाच्या ओसरीवर! आनंदाने मला पाटच सापडेनात.

पण दोघे शास्त्री भांडलेच हो! एका पोथीत राणी रडते, दुसरीत हसते. मी घाबरून विचारलं, "अगबाई, कुठल्या राणीसाहेब?"

"आजी, नाटकातल्या," अनंता म्हणाला.

मग एवढं ओरडायचं कशाला? मला काही उमगेना.

धुंडिराजशास्त्री म्हणाले, "एका ओळीवर पिवळा हरताळ फासून ती पुसून टाका, तरच पोथी सरकारच्या पुस्तकशाळेत घेऊ."

"कवीची ओळ कोणती ते कळल्याशिवाय पुसणार नाही," अनंता म्हणाला.

हट्ट अगदी आपलाच उचललाय. त्याने याज्ञिकी सोडली म्हणून आपण धरलेला राग गेला का? तिकडे आपल्या गुडघ्याला तेल कोण लावतं?

अनंता धड जेवत नाही. म्हणतो, राणी दोन्ही करत असेल तर?

शास्त्री मात्र घारगे खाऊन, हरताळाची वाटी त्याच्यापुढे ठेवून गेले. ती मी फडताळात लपवलीय. वसंतपंचमीला परत येतो म्हणालेत.