मंगळवारची पिशवी

दर मंगळवारी समुपदेशनाला निघण्यापूर्वी छकुली स्वतःची पिशवी भरते. दोन फ्रॉक, ब्रश आणि उशीचा अभ्रा. सलग सात मंगळवारांची नोंद माझ्याकडे आहे.

समुपदेशक बाई याला प्रगती म्हणतात. बंद दाराआड ती त्यांच्याशी गोड हसून बोलते आणि घरी आल्यावर तुला चावते, याचं स्पष्टीकरण मात्र त्यांच्याकडे नाही. तुझ्या दादाने सुचवलेला, मुलाला आवळून धरण्याचा उपचार मी होऊ देणार नाही. त्याला पुरावा नाही, धोका आहे. उरतो एकच मार्ग: वीस आठवडे आपण दोघांनीही तिच्यासोबत आत बसायचं. तुझी रजा संपली आहे, माझीही. तरीही बिनपगारी रजेचे दोन्ही अर्ज टेबलावर ठेवले आहेत. तुझ्या अर्जावर सही कर.

जेवण झाकून ठेवलं आहे. ती बूट काढू देत नाही, म्हणून आम्ही इमारतीभोवती फेऱ्या मारतो आहोत.

आज परतताना तिने विचारलं, “बाबा, मी शहाण्यासारखी बसले ना? मग त्या काकू मला कधी नेणार?”

आपण तिला दत्तक घेण्यापूर्वी संस्थेत मूल पाहायला कोणी आलं, की तिला असंच बंद खोलीत त्यांच्यासमोर बसवत. आपण तिला दुसऱ्या कोणाला देण्यासाठी तिथे नेतो, असं तिला वाटतं.