म्यूट माझ्या पर्समध्ये आहे

अहो,

पोहे झाकून ठेवलेत. व्हायोलिनच्या घोडीवर लावता तो रबरी म्यूट शोधत बसू नका, तो माझ्या पर्समध्ये आहे.

आवाज दबावा म्हणून तो आणला होता वरच्या भटनागरांच्या मुलीच्या बोर्डाच्या परीक्षेसाठी. परीक्षा मार्चमध्ये संपली, आता ऑगस्ट चालू आहे. परवा मिसेस भटनागर जिन्यात विचारत होत्या, "अंकल आजकल बजाते नहीं क्या?" मी म्हटलं, रिटायर होकर आलसी हो गए हैं. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये वीस वर्षं खिडक्या उघड्या टाकून वाजवणारा माणूस नोएडात येऊन एवढा सभ्य झाला, यावर मी कसा विश्वास ठेवू? चहाही हल्ली अर्धाच कप मागता. दाढीला सलूनमध्ये जाता. ही ऐट नोकरीत असताना नव्हती.

म्यूट लावला तरी स्वयंपाकघरात ऐकू येतं. लांब सूर धरताना तुमच्या हातातला गज थरथरतो, हे मला मे महिन्यापासून माहीत आहे. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले. चुकलं माझं.

आज सफदरजंगला न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांचा नंबर लावायला पुढे गेले आहे. अकरापर्यंत ऑटोनं ओपीडीच्या दाराशी या. बिनबटणांचा कुर्ता पलंगावर काढून ठेवलाय. निघण्याआधी वाटलं तर एकदा तसंच मोकळं वाजवा, ऐकायला घरात कोणी नाही.

आणि डॉक्टरांसमोर हात खिशात घालू नका. माझ्यासमोर घालता तेवढं पुरे.

कुमुद