बाबांचं ‘नाही’

प्रिय दादा,

परवा भाषण झाल्यावर तू मला विचारलंस, “कसं वाटलं?” आणि मी “छान” म्हणाले. ते खोटं होतं. चार पाहुणे शेजारी उभे होते, तुझ्या हातात चहाचा कप होता, तू दमलेला आणि खूश दिसत होतास. म्हणून जीभ आवरली. घरी येईपर्यंत अंगाची नुसती लाही होत होती. तोंडावर बोलायला गेले तर मला रडू फुटेल आणि तू पाठीवर थोपटून विषय बदलशील, म्हणून लिहिते आहे.

आधी खरं ते कबूल करते. पहिला भाग ऐकताना ऊर भरून आला होता. आमच्या कंपनीने परदेशी साहेबांना आपला देश समजावून सांगायला तुलाच बोलावलं, हे कळल्यावर मी पाहुण्यांच्या व्यवस्थेचं काम मागून घेतलं होतं. एवढ्या वर्षांत तुझं व्याख्यान कधी ऐकलंच नव्हतं ना. नकाशावर हात फिरवत तू डोंगर दाखवलेस, बंदर दाखवलंस, कारखाने नदीच्या याच काठाला का आले ते सांगितलंस. लहानपणी मला भूगोल शिकवताना तू चादरीला चुण्या पाडून डोंगर करायचास. तीच ढब. आयात-निर्यातीसारखा रुक्ष विषय, पण एकाचीही पापणी जड झाली नाही.

मग पडद्यावर ‘इथली माणसं’ असं आलं. तू म्हणालास, इथला माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, त्याच्या ‘हो’वर विसंबू नका. आणि हसत हसत किस्सा सांगितलास. एक फोरमन होता. साहेबाने विचारलं, हे प्रेस मशीन चालेल ना? ब्रेक नादुरुस्त आहे हे ठाऊक असूनही तो म्हणाला, चालेल साहेब. आणि स्वतःचीच तीन बोटं घालवून बसला. इतकी ही माणसं भिडस्त. सगळे हसले. पहिल्या रांगेतल्या बाईंनी तर ते टिपूनही घेतलं.

दादा, तो फोरमन म्हणजे आपले बाबा. नाव घेतलं नाहीस, एवढीच काय ती लाज राखलीस.

मी तेव्हा शाळेत होते, म्हणून मला काही माहीत नाही असं तुला वाटत असेल. मला सगळं माहीत आहे. बाबांचा हात बांधलेला होता, मी त्यांना चमच्याने भरवत होते, तेव्हा बाबांच्या कारखान्यातले फिटरकाका वॉर्डात आले. त्यांना त्या परदेशी साहेबाची भाषा बऱ्यापैकी कळायची. ते आईला म्हणाले, “वहिनी, हा दोनदा नाही म्हणाला. ब्रेक धरत नाही, मशीन चालवायचं नाही, असं स्पष्ट. तुमच्या पोराने साहेबाला भलतंच सांगितलं.” दुभाषी तू होतास. बाबांनीच शब्द टाकून मिळवून दिलेली तुझी पहिली नोकरी, आणि समोर घड्याळ बघणारा साहेब. बाबांच्या ‘नाही’चं तू ‘चालेल’ केलंस. साहेब खूश झाला आणि त्याने स्वतःच बटण दाबलं. बाबांचा हात तेव्हा आत होता. ते ब्रेक कुठे निसटतो ते दाखवत होते.

आई तशीच तुला जाब विचारायला उठली. बाबा म्हणाले, “पोर घाबरलं असेल. ही गोष्ट या खाटेपाशीच संपली.” आणि ती खरंच संपली. आई गेली, पण तिने तुला कधी विचारलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. त्या घाबरलेल्या मुलावर मी कधी रागावले नव्हते, आजही नाही. राग आहे तो त्या मुलाची भीती बापाच्या नावावर खपवून टाळ्या घेणाऱ्या माणसावर. बाबा भिडस्त? घरमालकाला, मॅनेजरला, तुझ्या सासऱ्यांनासुद्धा ज्यांनी तोंडावर नाही म्हणून दाखवलं ते? अख्ख्या देशातल्या माणसांचा स्वभाव तू स्वतःच्या एका क्षणाच्या भीतीवर बेतलास, आणि आता त्या भरवशावर लोक इथे धंदा करायला निघालेत.

हेही मी गिळलं असतं. पण काल बाबांच्या जुन्या कारखान्यातून माणूस आला. पुढच्या आठवड्यात तिथे परदेशी पाहुणे येणार आहेत, व्याख्यान तुझं आहे, आणि निवृत्त कामगारांना पहिल्या रांगेत बसवणार आहेत. बाबा हरखून गेलेत. सकाळी डाव्या हाताने बुटांना पॉलिश करत बसले होते. साहेबांची ती भाषा त्यांना अजून येत नाही. म्हणून मला म्हणाले, “तू माझ्या शेजारी बस, आणि दादा काय बोलतो ते मला सांगत जा. एक शब्दही गाळायचा नाही.” मी हो म्हटलं आहे. काय बोलायचं ते तू ठरव. तू जे बोलशील, ते मी त्यांना जसंच्या तसं सांगणार आहे.

अजूनही तुझीच,
धाकटी