शुक्रवारी येणारी रेकॉर्ड

मिसिसागा,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय रॉयमामा,

तुम्ही आणि तुमच्या पॅरिशमधली सगळी मंडळी सुखरूप असाल, अशी आशा करतो. फादर लिहावं की मामा, ते ठरेना. मामाच लिहितो. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवतोय. पहिल्या वेळी खाडाखोड फार झाली, म्हणून पान पुन्हा लिहिलं.

इथे बरं आहे. बर्फ अजून टिकत नाही, पण विंटर टायर लावून घेतले. विमानतळाजवळच्या वेअरहाऊसमधली नोकरी चालू आहे. रिटामामी रोज चर्चमध्ये मिस्साला जाते. आर्थरमामांची तब्येत तशीच आहे.

तशीच म्हणजे, हात गेलेच होते, आता मानही धरवत नाही. गिळताना ठसका लागतो. बोललेलं मला आणि मामीलाच कळतं. टोमणे मात्र सगळ्यांना कळतात.

तुम्हा दोघा भावांच्या त्या लाडक्या इंग्लंडच्या बँडचा नवा अल्बम येतोय, बारा वर्षांनी. मामा सांगतात, "रॉय सेमिनरीत गेला तेव्हा बायबल घरी विसरला, पण आमची कॅसेट बरोबर नेली." अल्बम एप्रिलमध्ये यायचा होता. गायकाचा घसा बिघडला, म्हणून सप्टेंबर ठरला. पुन्हा बिघडला, म्हणून नोव्हेंबर. दोन्ही वेळा मी आनंदाने जिलेबी घेऊन घरी आलो. मामी म्हणाली, "गाऊ नका रे बाबांनो, अजून दहा वर्षं गाऊ नका." आणि रडायला लागली.

याचं कारण तुम्हाला सांगायचं नाही, असं मामांनी बजावलंय. "रॉयला कळवू नकोस. तो विमानात गुडघे टेकून येईल."

तरी लिहितो. इथे कायदा आहे. आजार बरा होणारा नसेल आणि सोसवत नसेल, तर माणूस स्वतः अर्ज करू शकतो. डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देतात आणि माणूस झोपेत जातो. मामांनी अर्ज केला, तो मंजूर झाला. डॉक्टरीणबाईंनी तारीख विचारली, तेव्हा म्हणाले, "अल्बम शुक्रवारी येतोय. तो ऐकतो. तुम्ही शनिवारी या." बाईंना थट्टा वाटली. मग त्यांनी लिहून घेतलं. अल्बम पुढे गेला की मामाही तारीख पुढे ढकलायचे.

तिसऱ्यांदाही घसा बिघडावा म्हणून मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. हे पाप असेल, तर हाच माझा कबुलीजबाब समजा.

पण गुरुवारी आमच्या वेअरहाऊसमध्ये ट्रक आला. त्याच अल्बमच्या रेकॉर्डचे खोके. येत्या शुक्रवारपर्यंत उघडायचे नाहीत. लेबलं लावायचं काम माझं. मी सगळी सरळ लावली. हे खोके भलत्याच गावाला पाठवले तर, असं मनात आलं. काहीच झालं नसतं. देशभर सगळीकडे पोचलेत.

घरी आलो, तर मामांनी विचारलं, "आली का?"

मी म्हटलं, "काय?"

"वेड्या, आरशात तोंड बघ. आली."

तुम्हाला हे मान्य नसणार. मलाही काही ठरवता येत नाही. त्यांना आडवं केल्यावर दम कोंडतो, तेव्हा वाटतं, बरोबर आहे त्यांचं. मग ते मामीला चहावरून चिडवतात, आणि वाटतं, हे कसं बरोबर असेल? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शनच्या आधी पुन्हा एकदा विचारतात. माणूस नको म्हणाला, तर बॅग उचलून परत जातात. या एका वाक्यावर मी दिवस काढतोय.

शुक्रवारी फोन करा. रागावू नका, समजावू नका. नुसतं बँडबद्दल बोला. तुमचं बोलणं चालू आहे, तोवर ते रेकॉर्ड लावायला सांगणार नाहीत. त्यांना स्वतःला लावता येत नाही, मामी हात लावणार नाही म्हणते. म्हणजे मीच लावायची. मी त्यांना विचारलं, "मी लावली नाही, तर शनिवार टळेल?"

ते म्हणाले, "टळणार नाही रे. फक्त न ऐकता जाईन."

म्हणून लावणार आहे.

सुई माझ्याकडून पहिल्याच खेपेला नीट टेकावी, एवढी प्रार्थना करा.

तुमचा भाचा,
व्हिव्हियन