गुरुवारपुरती आई

पेर्म, सोमवार, जूनची सुरुवात

प्रिय राया ताईस,

धाकट्या क्लावाचा मनापासून नमस्कार. आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? भाओजींचा खोकला गेला का? कुंगुरला काकड्यांना फुलं आली असतील. आईचा चहाचा समोवार तुझ्याच घरी आहे (तो तिकडे कसा पोचला, हे मी विचारत नाही), तो घासूनपुसून ठेवत जा.

तुला कळवायचं म्हणजे, तुझी भाची ग्लाशा इथल्या बॅले शाळेच्या शेवटच्या फेरीपर्यंत पोचली आहे. शाळा थिएटरचीच. तिथून निघालेली पोर सरळ थिएटरच्या रंगमंचावर जाते. शेवटची फेरी येत्या गुरुवारी. त्यात घेतली नाही तर पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही, म्हणजे विषयच संपला. पोर बटाटे सोलतानासुद्धा एक पाय ओट्यावर टाकून उभी असते. नाही घेतली तर तिचं काय होईल, या विचारानं माझ्या घशाखाली घास उतरत नाही. (उतरतो, पण पूर्वीसारखा नाही.)

आता खरं सांगते, मला त्या शाळेचा पहिल्या दिवसापासून संशय आहे. एक तर पहिल्या फेरीत पोरींना नाचायला सांगतच नाहीत. बाजारात कोंबडी घेताना मी जशी तंगडी ओढून बघते, तशा यांच्या तंगड्या ओढून बघतात. पाय कानापर्यंत नेतात, तळव्याची कमान बघतात, मान मोजतात. आग्निया ल्वोव्हना म्हणून तिथल्या मुख्य बाई आहेत. वय झालंय, पण पाठ अशी ताठ, जणू पाठीत इस्त्रीची फळी घातली आहे. त्या कधी हसत नाहीत. न हसणारा माणूस मनात काहीतरी शिजवत असतो, असं माझं मत आहे.

शनिवारी दुसरी फेरी होती. निघताना जिन्यात वरच्या मजल्यावरची झोया भेटली. तिचीही पोर या स्पर्धेत आहे, आणि मायलेकी दोघी शेवयांसारख्या.

“क्लावा, अगं त्या बायका पोरींना बघतच नाहीत,” ती म्हणाली. “आयांना बघतात. आई आडवी असली की पोरही पुढे तशीच होणार, असं धरून चालतात. तू आपली मागे मागेच राहा हं.”

(किती काळजी! तिच्या आवाजातला गोडवा पावाला लावून खाता आला असता.) पण मी चौकशी केली, तर ते खरंच निघालं. आता पावाच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईचा घेर काय असतो, हे तुला ठाऊक आहे. ग्लाशाचा बाप गेना घरी असता तर त्या काटकुळ्यालाच पुढे केलं असतं. पण तो बोटीवर गेलाय, कामा नदी गोठायला लागेपर्यंत काही परतायचा नाही. म्हणून मी पोट आत ओढलं, श्वास कोंडला आणि शाळेच्या बोळकंडीत भिंतीला चिकटून उभी राहिले.

दार किलकिलं होतं. बघते तर काय, एक बाई झारी घेऊन नाचाच्या लाकडी जमिनीवर पाणी शिंपडतेय! आणि तेही नेमकं ग्लाशाचा गट आत जाण्याच्या आधी. मी म्हटलं, हा डाव आहे. बाई वळताच मी आत शिरले आणि ग्लाशाच्या जागेवरचं पाणी डोक्याच्या रुमालानं खडखडीत पुसून काढलं. पाणी पाय घसरू नये म्हणूनच मारतात, हे मला नंतर कळलं, ताई. पहिल्याच उडीला ग्लाशा सपशेल आपटली. बाकी एकही पोर पडली नाही. तरी शेवटच्या फेरीच्या यादीत तिचं नाव आलं, कसं ते मला अजून कळलेलं नाही.

तेवढ्यात शाळेच्या डॉक्टरीणबाई बोळकंडीत आल्या. “तुम्ही कोणाच्या आई?” त्यांनी विचारलं. श्वास कोंडलेला, बोलणार कशी? मी नुसती मान हलवली, कोणाचीच नाही म्हणून. त्यांनी मला खुर्चीवर बसवून नाडी धरली. “बाई, आधी श्वास घ्या,” म्हणाल्या आणि निघून गेल्या. घरी आल्यावर ग्लाशा बूट न काढताच पलंगावर आडवी झाली. मी धिरडी केली, ती तिनं खाल्ली नाहीत. माझ्या हातानं माझ्या पोरीला पाडलं, हे मला अजून पचत नाही.

बाकी सगळं ठीक. हवा बरी आहे. भाओजींना नमस्कार.

तुझीच,
क्लावा

ता. क. शाळेनं निरोप दिलाय, गुरुवारी मुलीनं आईला घेऊन यावं. (आईच का? बघ, आहे ना डाव?) पण मी कोणाची, हे तिथे कोणालाच ठाऊक नाही. ताई, एकाच पातेल्यातलं जेवून तू अशी सडपातळ कशी राहिलीस, याचाही मला जुना संशय आहे. पण तो आता सोडला. तू बुधवारच्या गाडीनं ये आणि गुरुवारपुरती ग्लाशाची आई हो. तुझी मान लांब आहे, ती दिसेल असं काहीतरी घाल. आलीस तर समोवारचा विषय मरेपर्यंत काढणार नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी ग्लाशाला हा बेत सांगितला. ती म्हणाली, “आई, काही उपयोग नाही. त्यांना माहितीये.”

“कोणी सांगितलं? झोयानं?” मी विचारलं.

“मी,” ती म्हणाली. “मी पडल्यावर आग्निया ल्वोव्हनांनी विचारलं, जमीन पुसणारी ती बाई कोणाची? सगळ्या हसत होत्या. मग मी हात वर केला.” आणि तिनं मला तो हात करून दाखवला. कोपर गोल, बोटं मऊ, मान उंच. ताई, पोरीनं माझ्यासाठीसुद्धा हात नाचातल्यासारखाच वर केला होता.

गुरुवारी मीच जाणार आहे, आणि भरपूर श्वास घेणार आहे. तू मावशी म्हणून ये. येताना समोवार घेऊन ये.